लहान मापाची बेडी

पुण्यात खराडीतल्या एका कंपनीत मी आठवडाभर परदेशातल्या लोकांच्या विम्याच्या तक्रारी सोडवते आणि सुट्टीच्या दिवशी नाटक करते. नाटक म्हणजे फार काही नाही. हौशी ग्रुप, एकांकिका स्पर्धा, कुणाच्या तरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तालमी. त्या ग्रुपमधली माझी एक मैत्रीण मात्र या धंद्यात खरोखर शिरली. आमची नेपथ्यं करता करता ती सिनेमाची कलादिग्दर्शक झाली. एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"तुझा पाय हवाय," ती म्हणाली.

"कुठला?"

"उजवा. घोट्यापासून खाली. चेहरा दिसणार नाही, त्यामुळे मेकअपची कटकट नाही."

मग तिने नीट सांगितलं. समुद्री चाच्यांवरचा सिनेमा होता. नायिकेला चाचे पकडून जहाजावर डांबतात आणि ती पायातली बेडी ओढत डेकवरून चालते, असा एक प्रसंग होता. मैत्रिणीने त्यासाठी पातळ पत्र्याच्या बेड्या बनवून घेतल्या होत्या. दिग्दर्शकाला त्या पसंत पडल्या नाहीत. चालताना चमच्यांचा डबा वाजल्यासारखा आवाज येतो, पाय जड वाटत नाही, मला खरी बेडी हवी, असा त्याचा हट्ट. तिने शोधाशोध करून एका संग्राहकाकडची खरी अँटिक बेडी मिळवली, तर ती नायिकेच्या पायात जाईना. नायिकेच्याच काय, सेटवरच्या कुठल्याच बाईच्या पायात जाईना.

"तेव्हा मला तू आठवलीस," ती म्हणाली.

यात आश्चर्य नव्हतं. माझे पाय अगदी किडकिडीत आहेत. मला चपला लहान मुलांच्या विभागात मिळतात. कॉलेजात असताना त्यावरून माझी भरपूर चेष्टा झालेली आहे. त्या पायांना एकदा तरी काम मिळालं याची मला गंमतच वाटली.

रविवार होता. नागपूरहून आलेली आई तेव्हा माझ्याकडेच राहत होती. तिथल्या शाळेत मास्तरीण म्हणून ती रिटायर झाली होती. तिने शूटिंग कधी पाहिलं नव्हतं. सकाळी तिची बुद्धवंदना आटोपली, आम्ही नाश्ता केला आणि रिक्षाने निघालो. कात्रजच्या पुढे, घाटाच्या अलीकडे एका मोठ्या गोडाऊनमध्ये त्यांनी जहाज उभं केलं होतं. बाहेर ट्रक, पाण्याचे टँकर, भाजलेली कोरडी टेकडी, आणि आत शटर ओलांडलं की एकदम शिडं, दोरखंड, तोफा. आई दारातच थांबली.

"हे सगळं लाकडाचं आहे काय?" तिने विचारलं.

"प्लायवूड आहे, काकू," मैत्रीण म्हणाली आणि तिने एक तोफ एका हाताने उचलून दाखवली. तोफ फायबरची होती. तलवारी ॲल्युमिनियमच्या होत्या, सोन्याची नाणी प्लास्टिकची. खरे होते ते फक्त दोरखंड आणि गोण्या, कारण मार्केट यार्डातून त्या खऱ्याच स्वस्त पडल्या होत्या. आईने एक नाणं उचलून दाताखाली धरलं आणि आम्ही तिघी हसलो.

बेडीचे मालक एका कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. सत्तरी ओलांडलेले, पांढरा शर्ट, पायात मोजे आणि सँडल. निवृत्त इंजिनिअर. जुनी कुलपं, जहाजावरचे कंदील, होकायंत्रं गोळा करायचा त्यांना आयुष्यभराचा नाद. मांडीवर जुन्या चादरीत गुंडाळलेली बेडी होती आणि ती ते कुणाच्या हातात देत नव्हते. दिग्दर्शक त्यांना म्हणाला, "काका, थोडं तेल लावून चमकवली तर लाइट छान पकडेल."

"जरूर," ते म्हणाले. "मग तिला बिंदीही लावा."

माझ्याशी मात्र ते आदराने वागले. "बसा आपण," म्हणाले, आणि चादर उलगडली. लोखंडाचे दोन अर्धगोल, एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला कुलूप. त्याला जोडलेली हातभर साखळी. रंग काळपट, कुठे कुठे विटकरी. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती खूपच जड निघाली.

"खरी कशी ओळखायची, सांगतो," ते म्हणाले. त्यांना हे सांगायला आवडत होतं ते दिसत होतं. "बाहेरचा गंज कुणीही आणतो. ॲसिड मारा, मिठाच्या पाण्यात ठेवा, महिन्याभरात लोखंड दोनशे वर्षांचं दिसतं. बाहेर बघायचंच नाही. आत बघायचं. बोट फिरवा."

मी आतून बोट फिरवलं. बाहेरचा खरखरीतपणा आत अजिबात नव्हता. वर्षानुवर्षं वापरलेल्या पाट्यासारखं गुळगुळीत लागत होतं.

"ही झीज," ते म्हणाले, "नक्कल करणाऱ्याला सुचत नाही. ही फक्त वापराने येते."

"छान आहे," मी म्हणाले. खरंच असंच म्हणाले. जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्याकडे बघून आपण म्हणतो, तसं.

कुलपाची किल्ली त्यांना कधी मिळालीच नव्हती. मुंबईतल्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी ती बेडी घेतली तेव्हाच किल्ली नव्हती. आत स्प्रिंग होती, दाबलं की कुलूप आपोआप बसायचं. म्हणून त्यांनी कुलपाच्या खाचेत बुचाचा एक तुकडा ठोकून ठेवला होता आणि वरून काळा दोरा गुंडाळला होता. ते स्वतः खाली बसले आणि माझ्या घोट्याभोवती त्यांनी ती बेडी मिटवली. अगदी बेताची बसली.

"आपल्यासाठीच केल्यासारखी," ते म्हणाले.

पहिले दोन-तीन टेक नीट झाले. मी फाटका घागरा वर धरून डेकवरून चालत होते आणि कॅमेरा फळ्यांना चिकटून माझ्या पायामागून सरकत होता. बेडीचा आवाज खरोखर वेगळा होता. पत्र्यासारखा किणकिणत नव्हता, नुसता घसटत होता. दिग्दर्शक खूश झाला. मग त्याला वाटलं, मी अडखळून पडावं. मी पडले. त्याला ते खोटं वाटलं. "जरा जोरात," तो म्हणाला. मी जोरात पडले, पाय फळीच्या कडेवर आपटला आणि टक् असा एक बारीक आवाज झाला.

तो आवाज मला कानाने नाही, हाडात कळला. बूच निघून पलीकडे घरंगळलं होतं. बेडी अजून एका खाचेने आवळली होती. मी पाय ओढला. परत ओढला. मग माझ्या तोंडून काहीतरी निघालं, काय ते मला आठवत नाही. आई म्हणते, मी तिला हाक मारली. कॅमेरा चालूच होता. मी पडून पाय झाडत होते आणि समोरचे सगळे शांतपणे माझ्याकडे बघत होते, कारण त्यांना वाटत होतं मी अभिनय करतेय.

"कट करा," मैत्रीण ओरडली. "लागलंय तिला, कट करा."

पुढचा वेळ किती गेला ते मला सांगता येणार नाही. मैत्रिणीने खोबरेल तेल ओतलं. कुणी साबण आणला, कुणी पायावर प्लास्टिकची पिशवी चढवून बघितली. टाचेपाशी बेडी अडायची आणि कातडी सोलवटायची. जितकी ओढाओढ करावी तितका पाय सुजत चालला. मालक गुडघ्यावर बसून कुलपात एक तार घालून बघत होते. तोंडाने ते सारखे म्हणत होते, "जपून, बिजागरीवर जोर नको. बिजागरी जुनी आहे."

दिग्दर्शक वाकून पायाकडे बघत होता. "आता बसलीच आहे," तो म्हणाला, "तर तोवर दोन क्लोजअप घेऊन टाकू या का? सूज खरी दिसतेय."

आजही हे वाक्य लिहिताना मला वाटतं, आपण चुकीचं ऐकलं असणार. पण मैत्रिणीनेही तेच ऐकलं होतं. तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो मागे सरला.

"कापायला हवी," ती म्हणाली. पत्र्याच्या बेड्या बनवणारा वेल्डर सेटवरच होता. तिने त्याला हाक मारली.

"कापायची नाही," मालक म्हणाले. आवाज चढवला नाही. "कुलूपवाला बोलवा. सातारा रोडला मिळेल कुणीतरी. थोडा धीर धरा. ही परत मिळायची नाही."

"काका, तिचा पाय बघा."

"मला दिसतंय. मी म्हणतोय ते समजून घ्या. मोठ्या माणसांच्या बेड्या बाजारात शंभर मिळतात. एवढ्या लहान मापाची मी आयुष्यात दुसरी पाहिलेली नाही."

आई आतापर्यंत माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने वर बघितलं.

"लहान मापाची कायले बनवली होती?" तिने विचारलं. मग, समोरचा माणूस पुण्याचा आहे हे लक्षात येऊन, तिने प्रश्न पुन्हा नीट विचारला. "इतकी लहान कुणासाठी करत असत?"

"मुलांसाठी," ते म्हणाले. सवयीने, माहिती द्यावी तसं. "जहाजावरून नेत असत ना, तेव्हा मोठ्यांच्या बेडीतून मुलांचे पाय निसटायचे, म्हणून मग…"

ते थांबले. वाक्य पुरं झालं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते म्हणून मला कळलं की ते वाक्य त्यांनी आधी खूप वेळा उच्चारलं असणार, पाहुण्यांना, मित्रांना, दिवाणखान्यात उभं राहून, आणि आज पहिल्यांदाच ते त्यांच्या स्वतःच्या कानावर पडलं होतं.

मला काय वाटलं ते सांगते. बेडी गुळगुळीत आहे एवढंच तोवर माझ्या डोक्यात होतं. माझ्या सुजलेल्या घोट्याला चारी बाजूंनी ते गुळगुळीत लोखंड चिकटलं होतं. ते कशाने गुळगुळीत झालं हे त्या क्षणी मला कळलं. मी बाजूला मान वळवून ओकले. फळ्यांवर, त्या खोट्या डेकवर.

मालकांनी चष्मा काढला. इतका वेळ ते कुलपाकडे बघत होते. आता त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं.

"कापा," ते म्हणाले.

वेल्डरने ग्राइंडर आणला, पण ठिणग्या उडतील आणि लोखंड तापेल म्हणून मैत्रिणीने तो लावू दिला नाही. हॅकसॉने कापायचं ठरलं. बेडी आणि कातडी यांच्यामध्ये ओलं फडकं आणि स्टीलची पट्टी सरकवली. पातं घसरू नये म्हणून कुणीतरी बेडी घट्ट धरून ठेवायला हवी होती. मालकांनी ती दोन्ही हातांनी धरली. वेल्डर कापत होता, लोखंडाचा भुसा त्यांच्या पांढऱ्या बाह्यांवर पडत होता आणि ते एकदाही वर बघत नव्हते. एकदा पातं निसटून त्यांच्या अंगठ्याला लागलं. त्यांनी हात काढला नाही.

बेडी निघाली. मालकांनी दोन तुकडे चादरीत ठेवले, पण गुंडाळले नाहीत. आईने माझा पाय तिच्या पदरात घेतला होता.

जवळच्याच एका दवाखान्यात डॉक्टरांनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं.

"कशाने झालं हे?" त्यांनी विचारलं.

"बेडीने," मी म्हणाले.

त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग आईकडे बघितलं. "घरी काही प्रॉब्लेम आहे का?"

"घरी नाही," आई म्हणाली. "शूटिंगमध्ये. पण बेडी खरी होती."

जखम लवकर भरली. पण ऑफिसात बसल्या बसल्या टेबलाखालची वायर घोट्याला लागली की मी पाय झटकन वर घ्यायचे. समोरच्या स्क्रीनवर कुणीतरी परदेशातला माणूस बॅग हरवल्याची भरपाई मागत असायचा आणि मी पाय खुर्चीवर घेऊन मांडी घालून उत्तर द्यायचे. आईने माझ्यासमोर तो विषय काढला नाही. फक्त एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "चौथी-पाचवीतलं पोरगं असंन. तुले बसली म्हणजे तेवढंच असंन." माझा पाय रोज डोळ्यासमोर असलेल्या बाईला हे कळणं साहजिक होतं. शाळेत तिने आयुष्यभर चौथी-पाचवीच शिकवली होती. मी उठून बाल्कनीत गेले.

काही आठवड्यांनी मालकांचा फोन आला. पायाची चौकशी करायला येऊ का, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, येऊ दे. ते आले ते रिकाम्या हाताने आले नाहीत, चितळ्यांकडची नाही पण कुठल्याशा चांगल्या दुकानाची आंबा बर्फी घेऊन आले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. अंगठ्यावर अजून पट्टी होती.

"मी एका अभ्यासक बाईंना फोटो पाठवले," त्यांनी सुरुवात केली. "समुद्री व्यापाराचा अभ्यास आहे त्यांचा. मला भंगारवाल्याने सांगितलं होतं की ही चाच्यांच्या जहाजावरची आहे. मी तेच सगळ्यांना सांगत आलो. त्या म्हणाल्या, चाचे नव्हेत हो. व्यापारी. प्रतिष्ठित लोक. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं गुलाम म्हणून न्यायचे, आपल्याकडेही आणायचे. मुलं जास्त आणायचे, कारण ती जागा कमी घेतात."

आईच्या हातात चहाचा कप होता. तो तिने ट्रेमध्ये परत ठेवला.

"मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही," ते म्हणाले. "मुलांसाठी आहे हे मला माहीत होतं. मला फक्त…" त्यांनी बर्फीचा खोका उगाच सरळ केला. मग म्हणाले, "माझी नात अमेरिकेत असते. नऊ वर्षांची होती तेव्हा सुट्टीत आली होती. मी तिच्या पायात घातली होती ती. बूच लावूनच. फोटो काढला. तिला इतकी तंतोतंत बसली की आम्ही सगळे हसलो. तो फोटो मुलाने फ्रेम करून पाठवला आहे. हॉलमध्ये आहे. म्हणजे होता."

खाली कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, तिचं गाणं वाजत राहिलं.

"तुमच्या नातीला सांगितलं काय?" आईने शेवटी विचारलं.

"नाही."

"सांगा," आई म्हणाली. "मोठी झाली असंन आता. तिले समजंन."

त्यांनी मान हलवली. मग आईने त्यांना गार झालेला चहा बदलून दिला आणि ते तो प्यायले. जाताना त्यांनी सांगितलं की बेडी ते एका संग्रहालयाला देत आहेत. तिथल्या लोकांनी विचारलं होतं, तुकडे जोडून देऊ का, जोड दिसणार नाही असं करता येतं. त्यांनी नको म्हणून सांगितलं. चाच्यांची म्हणून पाटी लावायची नाही, एवढी अट घातली. संग्रहालयाने अजून ती मांडलेली नाही, तपासणी चालू आहे, असं नंतर त्यांनी मेसेज करून कळवलं. नातीला सांगितलं का, ते मी विचारलं नाही.

सिनेमा पुढे पूर्ण झाला. मैत्रिणीने दिग्दर्शकाला सांगून पाहिलं होतं की तो पडण्याचा शॉट काढून टाक. "अगं, तीच तर एक खरी रिॲक्शन आहे अख्ख्या पिक्चरमध्ये," तो म्हणाला, आणि शॉट राहिला. नायिकेचा घाबरलेला चेहरा, मग माझा पाय, मग पुन्हा नायिकेचा चेहरा. मैत्रिणीने पुढे त्याच्याबरोबर काम केलं नाही.

मी सिनेमा बघणार नव्हते. पण एके दिवशी आमच्या कँटीनमध्ये शेजारच्या टीममधली मुलगी फोन मिठाच्या भांड्याला टेकवून जेवता जेवता तोच बघत होती. मी ताट घेऊन तिच्यासमोर बसले होते. आवाजावरून मला कळलं, प्रसंग कुठला आहे ते. लोखंड फळीवर घसटत होतं. मग टक्.

"बजेट नाहीये बिचाऱ्यांचं," ती मला म्हणाली. "बेडी बघ ना. टोटल फेक. प्लास्टिकला ब्राउन मारलाय सरळ."

"ती खरी आहे," मी म्हणाले.

"काहीही."

"पाय माझा आहे," मी म्हणाले. "आणि बेडी खरी आहे. लहान मुलांची आहे."

तिचा घास हातातच राहिला. ती माझ्याकडे बघत राहिली, मी चेष्टा करतेय का ते बघत. मग तिने डाव्या हाताने फोन उचलला आणि प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला.